तिवऱ्याचे विष आणि वालाचे प्रथिन

भिलाईचे नाव निघाले की पोलाद आठवावे, सोव्हिएत साहाय्याने उभी राहिलेली ती प्रचंड वास्तू आठवावी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेली पहिली झोतभट्टी आठवावी, हे स्वाभाविकच आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांना नोकरीच्या निमित्ताने या बाजूस यावे लागले, त्यांनी ही भट्टी पाहिली नाही असे सहसा होत नाही. परंतु कारखान्याच्या वसाहतीपासून थोडे दूर, दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांकडे दिवाळीच्या सुमारास कोणी गेल्यास त्यास आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. भाताचे पीक अजून उभे असते, पायाखाली माती ओली असते, आणि शेतकरी त्या उभ्या पिकातच दुसरे बी फेकीत असतो. भात कापला गेला तरी त्याच ओलीवर हे दुसरे पीक वाढते. त्याला ना नांगरट, ना पाणी. या पद्धतीस छत्तीसगढीत 'उतेरा' म्हणतात आणि अशा रीतीने घेतल्या जाणाऱ्या पिकांत प्रमुख आहे तो 'तिवरा'. उत्तरेकडे हीच खेसारी. भंडारा-गोंदियाकडील वाचकांस मात्र तिची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांच्या घरी ती 'लाख' किंवा 'लाखोळी' या नावाने नांदत आली आहे.

ही डाळ माणसाला पांगळे करते असा तिचा लौकिक आहे आणि तो खोटा नाही. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला स्लीमन यास सागरच्या मुलुखात ही व्याधी दिसली आणि त्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात तिचे वर्णन केले. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गहू बुडाला. एकदा गारपिटीने, एकदा अवर्षणाने, एकदा तांबेऱ्याने. तिवरा तेवढा तगला. लोक तोच खाऊन जगले आणि पुढे कित्येक तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडली. रेवा संस्थानच्या प्रदेशात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतमजुराला मजुरीपोटी धान्य मिळे, त्यात या डाळीचा मोठा भरणा असे. दुष्काळात तगणारे पीक आणि दुष्काळग्रस्ताचेच पाय काढून घेणारे पीक एकच असावे, हे कोडे निव्वळ वैद्यकाचे नव्हते. त्या डाळीत असे काय आहे, आणि ते तिच्यापासून वेगळे काढता येते की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर गरीब कुटुंबाची एक भाकर अवलंबून होती.

उत्तर शोधणाऱ्यांनी अनेक वाटा धुंडाळल्या. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड व सायमनसन यांनी दोष तिवऱ्याचा नसून त्याच्या शेतात उगवणाऱ्या एका रानटी वेलाच्या बियांचा आहे असे प्रतिपादन केले. कोणी जीवनसत्त्वांच्या अभावाकडे बोट दाखविले. हे सर्व विद्वान होते, कष्टाळू होते. परंतु एका अडचणीतून कोणाचीच सुटका नव्हती. डाळीचा दाणा दिसावयास एक, पण त्याच्या पोटात सहस्रावधी निरनिराळे पदार्थ असतात. त्यांतला एकेक निवडून हातात घेता येत नाही तोपर्यंत गुन्हेगार कोण हे ठरविणे म्हणजे सबंध गावाला एकाच कोठडीत घालून चोर ओळखण्यासारखे आहे.

आमच्या भाषेत 'निवडणे' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. डाळ निवडतात, तांदूळ निवडतात. आणि पसंत करणे यालाही आपण निवडणेच म्हणतो. रसायनशास्त्रज्ञाला प्रथिनांच्या बाबतीत जे करावयाचे असते ते हेच. फरक इतकाच की सुपातला खडा डोळ्यांना दिसतो, प्रथिनाचा रेणू दिसत नाही.

ही निवडण्याची कला ज्या मराठी स्त्रीने आपल्या देशात रुजविली, तिचा जन्म महाराष्ट्रात झाला नाही, ही गोष्ट परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींस मुद्दाम नमूद करावीशी वाटते. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांचा जन्म होळकरांच्या इंदुरात १९११ साली झाला. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि 'ऋतुचक्र'च्या लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. एक बहीण मध्य प्रांतातील गोंडांच्या रूढी व गाणी गोळा करीत हिंडली. दुसरीने कडधान्यांच्या पोटात काय आहे याचा शोध घेतला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे, विद्यार्थी.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. स्त्री म्हणून त्यांनी तो नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांनी कारण विचारले, आग्रह धरला आणि गांधीयुगाला साजेल असा सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. शेवटी एक वर्ष परीक्षार्थ म्हणून अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला. वर्षअखेर काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्या थोरवीविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि प्रकाशाचे विकिरण इतक्या सूक्ष्मपणे पाहणाऱ्या दृष्टीला समोर उभ्या असलेल्या मुलीची योग्यता दिसावयास एक वर्ष लागावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

बंगलोरात एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यात आपली मटकीही होती. मटकीच्या उसळीवर पोसलेल्या किती पिढ्यांना तिची प्रथिने 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये चर्चिली जातील असे वाटले असेल! पुढे १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या सहवासात त्यांनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांच्या ध्यानात आले की, प्राण्यांच्या पेशींत श्वसनक्रियेला हातभार लावणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही आहे. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो.

आता या निवडण्याच्या शास्त्राकडे वळू. सर्वांत जुनी रीत मिठाची. दाण्याचे पीठ पाण्यात कालवून गाळावे, वेगाने फिरणाऱ्या केंद्रोत्सारक यंत्रात घालून चोथा खाली बसवावा आणि वरच्या निवळीत अमोनियम सल्फेट थोडे थोडे घालीत जावे. क्षार वाढू लागला की एकेक जातीचे प्रथिन पाण्याचा आश्रय सोडून साका धरते. कोणी लवकर, कोणी उशिरा. तो साका पुन्हा पाण्यात विरघळवून सेलोफेनच्या पिशवीत बांधून ठेवला की बारीक क्षार पिशवीच्या छिद्रांतून निघून जातो आणि मोठी प्रथिने आत राहतात. यास अपोहन म्हणतात. हे सारे बहुधा थंडगार खोलीत, कारण प्रथिन हे दुधासारखे नाशवंत असते. अशा रीतीने वाटणी होते खरी, पण ती ढोबळ. तालुका सापडतो, घर सापडत नाही.

घर सापडू लागले ते वर्णलेखनामुळे. प्रयोगशाळेत आज सारेच तिला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. तिचा जनक मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सा येथे काम करीत असता त्याने काचेच्या उभ्या नळीत खडूची पूड दाबून भरली आणि पानांचा अर्क तिच्यातून झिरपू दिला. सर्वांचा मार्ग एकच, पण कोणाला खडू अधिक धरून ठेवी, कोणाला कमी. त्यामुळे हिरवे, पिवळे, नारिंगी असे वेगवेगळे पट्टे नळीत उमटले. १९०६ मध्ये त्याने या रीतीला नाव दिले. भिलाईस रशियन अभियंत्यांच्या सहवासात ज्यांनी त्यांची भाषा थोडीफार उचलली, त्यांना येथे एक गंमत जाणवेल. 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग. रशियन भाषेत तांबे-जस्तादी धातूंच्या उद्योगाला 'रंगीत' धातुविद्या म्हणतात आणि लोखंड-पोलादाच्या विद्येला 'काळी'. भिलाई अर्थातच काळ्या घराण्यातली! वर्णलेखनास नाव देताना त्स्वेतच्या मनात आपले आडनाव होते की काय, अशी शंका रसिकांनी खुशाल घ्यावी. बिचारा १९१९ साली वारला तेव्हा त्याच्या रीतीला फारसे कोणी विचारीत नव्हते. १९३१ मध्ये हायडेलबर्गच्या कून आणि लेडरर यांनी ती पुन्हा हाती घेतली. पुढे १९४१ साली इंग्लंडात लोकरीच्या संशोधनात गुंतलेल्या मार्टिन व सिंज यांनी तिला नवे रूप दिले, त्याबद्दल त्या दोघांस १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही खुद्द प्रथिने या नळीस दाद देत नसत. ती अंगाने मोठी आणि स्वभावाने नाजूक. रेझिनच्या कठीण कणांवर गेली की एक तर आत शिरत नसत, नाही तर अशी चिकटत की सुटताना मोडून पडत. १९५६ मध्ये अमेरिकेतील पीटरसन व सोबर यांनी यावर तोड काढली. कापसाचाच जो मूळ पदार्थ, तो सेल्युलोज, त्याच्यावर त्यांनी विद्युत्भार असलेले गट बसविले. विरुद्ध भाराची प्रथिने त्याला अलगद धरतात आणि वरून मिठाचे प्रमाण हळूहळू वाढविले की सैल धरलेली आधी आणि घट्ट धरलेली नंतर, अशी ओळीने उतरतात. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, स्वीडनमधील उप्सालाच्या पोराथ व फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या सच्छिद्र दाण्यांची चाळणी शोधली. ही चाळणी आपल्या घरच्या चाळणीच्या अगदी उलट वागते. लहान रेणू दाण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठ्यांना छिद्रांत वावच नसल्यामुळे ते बाहेरून सरळ निघून जातात. म्हणून थोरले आधी आणि धाकटे मागाहून.

या कामाचा हिशेब ठेवण्याची पद्धत आमच्या कचेरीवाल्या वाचकांस निश्चित आवडेल. प्रत्येक पायरीनंतर दोन आकडे लिहावयाचे. एकूण प्रथिन किती, आणि हव्या असलेल्या प्रथिनाची करामत किती. समजा, पहिल्या अर्कात ५००० मिलिग्रॅम प्रथिन आणि करामतीची १००० परिमाणे आहेत. म्हणजे दर मिलिग्रॅमला ०.२. सगळ्या पायऱ्या उतरल्यावर हाती आले १० मिलिग्रॅम, त्यात ३०० परिमाणे. म्हणजे दर मिलिग्रॅमला ३०. शुद्धता दीडशे पटीने वाढली, मात्र मूळ ठेवीतील सात दशांश वाटेत गेली. शिल्लक पायरीगणिक घटत जावी आणि जमाखर्च लिहिणाऱ्याचा चेहरा मात्र खुलत जावा, अशी वही सरकारी लेखापरीक्षकाने पाहिली तर काय शेरा मारील ते आम्हांस सांगवत नाही.

कमलाबाईंची परतीची वाट दिल्लीहून गेली. लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून काही काळ, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईस रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केले ते आमच्या दृष्टीने केंब्रिजच्या कामाहून कमी मोलाचे नाही, कारण त्याचा संबंध या देशातल्या ताटाशी आहे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एंझाइम खाल्लेल्या प्रथिनाचे तुकडे करते. कडधान्यांत नेमके त्यालाच पकडून ठेवणारे प्रथिन असते, त्यामुळे कच्चे कडधान्य पचत नाही. अमेरिकेत कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधून असे ट्रिप्सिनरोधक प्रथिन स्फटिकरूपात काढले होते. भारतीय अन्नपदार्थांत असे रोधक कोठे कोठे आहेत याची पाहणी कमलाबाई व भांडारकर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. आणि १९५५ मध्ये सोहोनी व आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून ते स्फटिकरूपात मिळविल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. स्फटिक म्हणजे त्या काळी शुद्धतेचा दाखलाच. ज्या वालाच्या डाळिंब्या भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजविल्यावाचून आमच्या आयाबहिणी पानात वाढीत नसत, त्याच वालाने त्यांच्या त्या खटाटोपाचे कारण स्फटिकांच्या रूपाने सांगितले. हे रोधक प्रथिन असल्यामुळे उष्णतेने त्याची घडी विस्कटते आणि त्याचा उपद्रव बव्हंशी संपतो.

याच काळात राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. भिलाईच्या भट्टीला आणि ताडाच्या रसाला एकाच राष्ट्रपतींचा आशीर्वाद लाभावा, हा योग आम्हांस गमतीचा वाटतो.

१९६८ मध्ये क्वात्रेकासास, विल्चेक व अनफिन्सन यांनी जी नवी रीत मांडली तिचे मर्म वालाच्या उदाहरणाने उत्तम कळते. रोधक ट्रिप्सिनलाच धरतो ना? मग नळीतल्या दाण्यांवर ट्रिप्सिनच पक्के डकवून ठेवावे आणि वरून अर्क ओतावा. शेकडो प्रथिने बेफिकीरपणे वाहून जातात, रोधक तेवढा आपल्या जुन्या वैऱ्याला मिठी मारून बसतो. मग किंचित आम्लधर्मी द्रव सोडला की मिठी सुटते. जे काम पूर्वी पाच-सहा पायऱ्यांनी होई ते एका पायरीत येते.

आणि ट्रिप्सिनचीच दुसरी एक हकीकत छत्तीसगढच्या अगदी जिव्हाळ्याची आहे. १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दात्रकोशिका रोग्याच्या, म्हणजे सिकलसेलच्या रोग्याच्या, रक्तातील हीमोग्लोबिन घेऊन ट्रिप्सिनने त्याचे तुकडे केले आणि ते कागदावर एका दिशेने विजेच्या व दुसऱ्या दिशेने वर्णलेखनाच्या बळाने पसरले. निरोगी माणसाच्या ठिपक्यांशी ताडून पाहता एकच ठिपका जागचा हललेला दिसला. त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते. एवढ्याशा फरकाने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील या दोषाची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. विदर्भात आणि छत्तीसगढात आजही असंख्य घरे या व्याधीने ग्रासलेली आहेत. रक्ताचा थेंब आता कागदावर पसरावा लागत नाही. उच्च दाबाखाली चालणाऱ्या बारीक नळीतून काही मिनिटांत निरनिराळी हीमोग्लोबिने आपापल्या वेळी बाहेर पडतात. कोण रोगी आणि कोण केवळ वाहक हे आलेखावरील उंचवट्यांवरून कळते. ज्या दोन कुटुंबांत सोयरीक व्हावयाची आहे, त्यांना पत्रिकेपेक्षा हा आलेख अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

तिवऱ्याचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या कायद्याखालील नियमांनी खेसारीच्या विक्रीस बंदी झाली. बंदी आली तेव्हा तिच्यातील विष कोणते हे अजून ठरलेच नव्हते. ते ठरले १९६४ मध्ये, आणि बंगलोरच्या ज्या संस्थेचे दार कमलाबाईंना हट्टाने उघडावे लागले तेथेच. शर्मा, राव व अडिगा या तिघांनी तिवऱ्याच्या अर्कातून आयन-विनिमयाच्या नळ्यांच्या साह्याने एक अपरिचित ॲमिनो आम्ल वेगळे काढले. ते टोचलेली कोंबडीची पिले आचके देऊ लागली. त्याच वर्षी दिल्लीच्या मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रह्मण्यन यांनीही या पदार्थाचा शोध लागल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे नाव लांबलचक आहे. व्यवहारात त्याला ओडॅप म्हणतात.

येथे निवडण्याचा खरा उपयोग दिसतो. वालातला अपायकारक पदार्थ प्रथिन होता, म्हणून तो चुलीवर नाहीसा झाला. तिवऱ्यातला हा पदार्थ प्रथिन नव्हे. प्रथिने ज्यांची बनतात त्या ॲमिनो आम्लांच्या कुळातला, पण कोणत्याही प्रथिनात न बसलेला, मोकळाच राहिलेला छोटा रेणू तो. त्याला घडीच नाही, तर उष्णतेने विस्कटणार काय? नुसते शिजवून भागत नाही. मात्र तो पाण्यात सहज विरघळतो. डाळ पुष्कळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की विषाचा बराच मोठा वाटा निघून जातो. दोन्ही कडधान्ये, दोन्ही अपायकारक, पण एकाला विस्तव हवा आणि दुसऱ्याला पाणी. आणि ओतून देण्यापुरते पाणी व वाट पाहण्यापुरता वेळ ज्याच्यापाशी नाही, पांगळा होतो तो तोच.

दुर्ग-रायपूरकडे तिवरा पिढ्यान्पिढ्या खाल्ला जात असूनही रेव्यासारखा हाहाकार येथे झाला नाही. याचे कारण पोटाचा मुख्य आधार भात. डाळ आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी भातासोबत येते. डाळच मुख्य अन्न होऊन कित्येक महिने तशीच चालू राहिली म्हणजे पाय जातात. म्हणून विक्रीवर बंदी आली तरी पेरणी थांबली नाही, आणि तुरीच्या डाळीत व बेसनात तिवरा मिसळण्याचा व्यापाऱ्यांचा उद्योगही थांबला नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने अल्प ओडॅपची 'प्रतीक' आणि 'महातिवरा' ही वाणे तयार केली. परंतु तिवऱ्याच्या निळ्या फुलावर मधमाशा बसतात, शेजारच्या जुन्या वाणाचे पराग घेऊन येतात. आणि घरचेच बी राखून पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या कणगीत काही वर्षांनी कडू-गोड पुन्हा एक होते. म्हणून नव्या वाणाचे बीजही वरचेवर तपासावे लागते. मूठभर पीठ, थोडे अल्कोहोलमिश्रित पाणी, एक नळी, आणि आलेखावर तो उंचवटा किती वर चढतो याकडे लागलेले डोळे.